पाहुणा ओळखणारे रेणू

पोटाचं किंवा छातीचं मोठं ऑपरेशन असलं की भूलतज्ज्ञ रुग्णाला नुसतं झोपवत नाहीत. झोप एका औषधाने येते, वेदना दुसऱ्याने थांबते आणि स्नायू ढिले पडावेत म्हणून तिसरंच औषध द्यावं लागतं. रोक्युरोनियम हे या तिसऱ्या प्रकारातलं. ते शिरेतून गेलं की मिनिट-दीड मिनिटात हातपाय, पोट, छाती सगळं निश्चल होतं. श्वाससुद्धा थांबतो आणि तो चालू ठेवायचं काम मशीनकडे जातं. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाच्या टोकाला जे क्युरारे लावत, त्याच पद्धतीने हे औषध काम करतं. मज्जातंतूकडून स्नायूला ॲसिटिलकोलीन नावाच्या रेणूमार्फत हुकूम येतो. तो जिथे उतरायचा, ती जागाच रोक्युरोनियम अडवून बसतं.

ऑपरेशन संपल्यावर हा अंमल उतरवायचा कसा? अनेक दशकं भूलतज्ज्ञांचा भरवसा निओस्टिग्मिनसारख्या औषधांवर होता. ॲसिटिलकोलीन मोडून टाकणारं एन्झाइम निओस्टिग्मिन बंद पाडतं. त्यामुळे ॲसिटिलकोलीनची गर्दी वाढते आणि अडवलेल्या जागा हळूहळू परत मिळतात. पण ॲसिटिलकोलीन काही फक्त स्नायूंपुरतं नसतं. हृदयाचे ठोके मंदावतात, लाळ सुटते, म्हणून सोबत ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं. शिवाय अंमल खोल असेल तर निओस्टिग्मिनचा जोर पुरत नाही.

स्कॉटलंडमधल्या न्यूहाऊस इथे ऑर्गनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲन्टन बॉम आणि त्यांचे सहकारी एका निराळ्याच वाटेने गेले. शरीरातल्या कोणत्याही यंत्रणेला हात न लावता, रक्तात फिरणाऱ्या रोक्युरोनियमलाच पकडून कोंडलं तर? त्यांनी त्यासाठी एक पोकळ रेणू घडवला आणि २००२ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. औषध म्हणून त्याला युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली. त्याचं नाव सुगामाडेक्स. रोक्युरोनियमचा एक रेणू सुगामाडेक्सच्या एका रेणूत जाऊन बसतो, रक्तातलं मोकळं रोक्युरोनियम झपाट्याने कमी होतं, त्यामुळे स्नायूंपाशी अडकलेलंही सुटून रक्तात येतं आणि तेही पकडलं जातं. योग्य मात्रेत दिलं तर दोन-तीन मिनिटांत स्नायू पुन्हा हलू लागतात आणि कोंडलेली जोडी तशीच लघवीवाटे बाहेर पडते.

बहुतेक औषधं शरीरातल्या एखाद्या प्रथिनाला चिकटून काम करतात. इथे औषध चिकटतं ते दुसऱ्या औषधाला. पण रक्तात हजारो प्रकारचे रेणू असतात. साखर, अमिनो आम्लं, हार्मोन, क्षार, शिवाय इतर दिलेली औषधं. या सगळ्यांतून सुगामाडेक्स रोक्युरोनियमच कसं निवडतं? त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही. तरीही रसायनशास्त्रज्ञ या क्रियेला खुशाल ‘ओळखणं’ म्हणतात. पकडणाऱ्या रेणूला यजमान आणि पकडल्या जाणाऱ्याला पाहुणा म्हणायची पद्धत आहे. हे ओळखणं नेमकं काय असतं, हे कळायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

चार्ल्स पेडरसन हे अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत काम करत. जन्म १९०४ चा, कोरियातल्या बुसानचा. वडील नॉर्वेचे, आई जपानी. पीएचडी त्यांनी कधी केली नाही. १९६२ मध्ये ते व्हॅनेडियम या धातूला धरून ठेवणारा एक रेणू बनवायच्या खटपटीत होते. वापरलेल्या कच्च्या मालात कॅटेकोल नावाच्या दुसऱ्या रसायनाची भेसळ राहून गेली होती, हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी तसंच काम पुढे रेटलं. हवा होता तो पदार्थ चिकट, तपकिरी लगद्यात मिळाला. त्यासोबत पांढरे, रेशमासारखे तंतुमय स्फटिकही थोडे निघाले. किती? हिशेबाने जेवढं बनू शकलं असतं त्याच्या ०.४ टक्का.

एवढंसं काहीतरी कोणीही टाकून दिलं असतं. पेडरसन यांनी ते तपासलं. स्फटिक मेथॅनॉलमध्ये जवळजवळ विरघळत नव्हते, पण त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातल्याबरोबर विरघळू लागले. पहिला तर्क साहजिकच असा की, अल्कलीमुळे हे होत असावं. पण अल्कलीशी बिलगेल असा कोणताच गट त्या पदार्थात सापडेना. मग त्यांनी अल्कली नसलेले सोडियमचे साधे क्षार घालून पाहिले आणि तरीही स्फटिक विरघळले. म्हणजे करामत हायड्रॉक्साइडची नव्हती, सोडियमची होती. रेणूभार मोजला तर तो अपेक्षेच्या दुप्पट निघाला. तेव्हा उलगडा झाला: समोर होतं ते अठरा अणूंचं एक कडं, त्यात ठरावीक अंतरावर सहा ऑक्सिजन, सगळे आतल्या बाजूला झुकलेले. धनप्रभारित सोडियम त्या कड्याच्या मधोमध बसला होता.

त्याआधी सोडियम-पोटॅशियमसारख्या धातूंचे आयन कुठल्याही साध्या सेंद्रिय रेणूशी नीट जुळत नाहीत, असाच रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. पेडरसन यांनी या कड्यांना ‘क्राऊन’ म्हटलं, कारण प्रतिकृतीत ती मुकुटासारखी दिसत. १९६७ मध्ये त्यांनी एकट्याच्या नावावर प्रदीर्घ निबंध छापला. त्यात अशी डझनांनी कडी होती. आजही विद्यार्थ्यांना दाखवायला एक सुरेख प्रयोग आहे. पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे बेंझिनमध्ये टाकले तर ते तळाशी तसेच पडून राहतात. चिमूटभर क्राऊन इथर (याच कड्यांचं पूर्ण नाव) घातलं की बेंझिन जांभळं होतं. कड्याने पोटॅशियमला पोटात घेतलं, बाहेरून मेणचट आवरण दिलं आणि परमँगनेट त्याच्यामागोमाग बेंझिनमध्ये ओढलं गेलं.

इथे पाठ्यपुस्तकं एक तक्ता देतात. चार ऑक्सिजनचं लहान कडं लिथियमसाठी, पाचचं सोडियमसाठी, सहाचं पोटॅशियमसाठी. भोक जेवढं, पाहुणा तेवढा. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये एन्झाइमबद्दल सांगितलेली कुलूप-किल्लीची कल्पना तर सगळ्यांच्या ओळखीची आहे, म्हणून हा तक्ता लगेच पटतो. माझ्या मते याच तक्त्याने या विषयाचं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. १९८३ मध्ये जॉर्ज गोकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या क्राऊन इथरांची मेथॅनॉलमध्ये पद्धतशीर मोजणी केली. पाच ऑक्सिजनचं, ‘सोडियमच्या मापाचं’ कडंसुद्धा पोटॅशियमकडेच किंचित जास्त झुकतं, असं त्यात दिसलं. सहा ऑक्सिजनच्या कड्याने तर सोडियम आणि पोटॅशियम दोघांनाही लहान कड्यांपेक्षा घट्ट धरलं.

मग भोकाचं माप काहीच नाही का? आहे, पण ते अर्धंच उत्तर आहे. सोडियम आणि पोटॅशियम द्रावणात कधी एकटे नसतात. त्यांच्याभोवती पाण्याचे किंवा मेथॅनॉलचे रेणू दाटीवाटीने चिकटलेले असतात. कड्यात शिरायचं तर हा वेढा बऱ्याच अंशी सोडावा लागतो. सोडियम आकाराने लहान, त्यामुळे त्याचा प्रभार जास्त एकवटलेला आणि पाण्यावरची पकड जास्त घट्ट. पाण्यातून सोडियम सोडवायला पोटॅशियमपेक्षा प्रति मोल सुमारे ७० किलोज्यूल ऊर्जा जास्त लागते. यजमानाने पाहुण्याला काय दिलं एवढंच मोजून भागत नाही, पाहुण्याला काय सोडून यावं लागलं हेही वजा करावं लागतं.

हे आकड्यांतच पाहू. सहा ऑक्सिजनच्या साध्या कड्याची पोटॅशियमशी किती घट्ट जोडी जमते, हे बंधनस्थिरांकाने मोजतात. आकडा मोठा तर जोडी घट्ट. मेथॅनॉलमध्ये हा आकडा येतो सुमारे १० लाख. तोच पोटॅशियम, तेच कडं, फक्त मेथॅनॉलच्या जागी पाणी घेतलं की आकडा १०० च्या आसपास घसरतो. दहा हजार पटींचा फरक, आणि भोकाचं माप तर जराही बदललेलं नाही.

पुढची मजल दोघांनी मारली. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे ज्याँ-मारी लेन यांना मज्जातंतूंत सोडियम-पोटॅशियम कसे आत-बाहेर करतात याचं कुतूहल होतं. त्यांना वाटलं, कडं सपाट का ठेवायचं? त्यांनी वरून आणखी एक साखळी टाकून पिंजरा बनवला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पिंजऱ्यांनी मेथॅनॉलमध्ये पोटॅशियमला कड्यापेक्षा सुमारे दहा हजार पट घट्ट धरलं, कारण आता पाहुण्याला चहूबाजूंनी ऑक्सिजन आणि नायट्रोजन मिळत होते. त्यांच्या हाताखाली तेव्हा पीएचडी करणारे ज्याँ-पिएर सोव्हाज पुढे २०१६ मध्ये रेणूंच्या यंत्रांसाठी स्वतः नोबेल घेऊन गेले.

दुसरे डोनाल्ड क्रॅम, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले. त्यांनी जे दाखवलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत खोल वाटतं. क्राऊन इथरच्या चित्रात मधोमध छानसं भोक दिसतं, पण पाहुणा नसताना ते भोक तिथे नसतंच. कडं लवचीक असतं. त्याचे काही ऑक्सिजन बाहेर तोंड करतात, मधली जागा त्याच्याच शरीराने भरून जाते. पाहुणा आला की कड्याला आधी स्वतःला वळवून, आवरून, सगळे ऑक्सिजन आत आणावे लागतात. पाहुणे दारात आल्यावर पसारा उचलायला घ्यावा, तशी ही गत. स्वागताला ठेवलेली बरीचशी ताकद आवराआवरीतच खर्ची पडते.

क्रॅम यांनी ठरवलं की घर आधीच आवरलेलं हवं. शेकडो तास ते प्लास्टिकच्या प्रतिकृती जुळवत बसले आणि त्यातून एक यजमान बेतला. सहा बेंझिन-कडी एकमेकांना थेट जोडलेली, प्रत्येकावर एक ऑक्सिजन, आणि सांगाडा इतका ताठ की सहाही ऑक्सिजनांना आत तोंड करून बसण्यावाचून पर्यायच नाही. वळायला जागा नाही, आत पाण्याचा रेणू शिरायलाही जागा नाही. याला त्यांनी स्फेरंड म्हटलं. तो लिथियम आणि सोडियमला घट्ट धरतो आणि पोटॅशियमला दारातच अडवतो. खरी गंमत पुढे आहे. याच रेणूतला एकच बंध उघडून, कड्याची सरळ साखळी होईल असा त्याचा जुळा भाऊ त्यांनी बनवला. तेच सहा ऑक्सिजन, तीच बेंझिन-कडी, दोन टोकांना फक्त दोन हायड्रोजन जास्त. लिथियमला धरायच्या बाबतीत या दोन भावांमधला फरक निघाला एक लाख कोटी पटींहून जास्त. ऑक्सिजन तेवढेच, जातही तीच. बदललं होतं ते फक्त आधीपासून सज्ज असणं.

पेडरसन, लेन आणि क्रॅम या तिघांना १९८७ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं. पेडरसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते.

आता सुगामाडेक्सकडे परत जाऊ, कारण त्यात ही सगळी शिकवण एका ठिकाणी दिसते. त्याचा सांगाडा सायक्लोडेक्स्ट्रिनचा आहे. स्टार्चवर काही जिवाणूंची एन्झाइमं काम करतात तेव्हा ग्लुकोजच्या सहा, सात किंवा आठ कड्यांची गोल माळ तयार होते. फ्रान्सच्या व्हिलिए यांनी १८९१ मध्येच तिचे स्फटिक पाहिले होते. बुंध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बिनबुडाच्या पेल्यासारखा हा रेणू. बाहेरून पाण्याला सलगी दाखवणारा, आतून तेलकट पदार्थांना आवडणारा. पाण्यात न विरघळणारे स्टेरॉइड विरघळवायला प्रयोगशाळांमध्ये तो आधीपासून वापरात होता, आणि रोक्युरोनियमचा सांगाडाही स्टेरॉइडचाच आहे.

आठ ग्लुकोजची माळ रोक्युरोनियमच्या जाडीला पुरेशी रुंद होती, पण खोली कमी पडत होती. जेमतेम ०.८ नॅनोमीटर. रेणू अर्धा बाहेर राहायचा. म्हणून आठही ग्लुकोजच्या एका कडेला एकेक छोटी शेपटी जोडली, त्यामुळे पोकळी सुमारे १.१ नॅनोमीटर खोल झाली. पण नुसत्या तेलकट शेपट्या पाण्याला टाळण्यासाठी आतच गोळा होऊन तोंड बुजवतील, ही क्रॅम यांची आवराआवरीची अडचण इथेही होतीच. तिच्यावरचा तोडगा फार देखणा आहे. प्रत्येक शेपटीच्या टोकाला ऋणप्रभार असलेला कार्बोक्सिलेट गट लावला. आठ ऋणप्रभार एकमेकांना दूर ढकलतात आणि पोकळी उघडी राहते. रोक्युरोनियमच्या एका टोकाला धनप्रभारित नायट्रोजन आहे. तो पोकळीतून नेमका या आठ ऋणप्रभारांपाशी पोचतो. म्हणजे एकाच गटाने दोन कामं केली: दार उघडं ठेवलं आणि पाहुण्याचा हात धरला.

पाण्याचा हिशेब इथे उलटा, यजमानाच्या फायद्याचा आहे. रिकाम्या पोकळीतले पाण्याचे रेणू तेलकट भिंतींमध्ये अवघडून बसलेले असतात; त्यांना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध हवे तेवढे जुळवता येत नाहीत. स्टेरॉइडभोवतीचं पाणीही असंच अडचणीत असतं. रोक्युरोनियम आत शिरलं की हे सगळं पाणी मोकळं होऊन आपल्या जातभाईंत मिसळतं. जोडीच्या घट्टपणात या सुटकेचा मोठा वाटा आहे. रोक्युरोनियमशी सुगामाडेक्सचा बंधनस्थिरांक पाण्यात एक कोटीच्या वर जातो. क्राऊन इथरचा पाण्यातला १०० हा आकडा आठवून पाहा.

ही ओळख निर्दोष मात्र नाही, आणि कुठे चुकते तेही तितकंच बोलकं आहे. व्हेक्युरोनियम हा रोक्युरोनियमचा जवळचा नातेवाईक. तोही पकडला जातो, जरा कमी घट्ट. सिसॲट्राक्युरियम तेच काम करतं, पण त्याचा सांगाडा अगदी वेगळा. ते पोकळीत बसत नाही, म्हणून त्याच्यावर सुगामाडेक्स चालत नाही. यजमान औषधाचं काम ओळखत नाही, फक्त रूप ओळखतो. आणि रूप सारखं असलेला आणखी एक रेणू शरीरात असू शकतो: गर्भनिरोधक गोळ्यांमधला प्रोजेस्टोजेन. तोही स्टेरॉइडच. त्यावर धनप्रभार नसल्याने पकड खूप सैल, तरी थोडाफार पकडला जाण्याची शक्यता धरून चालतात. म्हणून सुगामाडेक्स दिल्यावर एका दिवसाची गोळी चुकली असं समजावं आणि हार्मोनवर आधारित गर्भनिरोधन वापरणाऱ्यांनी पुढचे सात दिवस दुसरं साधनही वापरावं, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते. ऑपरेशनच्या धांदलीत ही गोष्ट सांगायची राहून जाऊ शकते. ऑपरेशन होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ती स्पष्ट शब्दांत सांगितली गेलीच पाहिजे आणि नाही सांगितली तर तिने बेधडक विचारावी.

सर्वांत अवघड पाहुणा मात्र वेगळाच आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. ग्लुकोजवर प्रभार नाही, तेलकट अंग फारसं नाही. बाहेरून तो पाच OH गट मिरवतो, आणि पाणी म्हणजे दुसरं काय, OH च. यजमानाच्या दृष्टीने ग्लुकोज म्हणजे पाण्यातच पाण्याचा वेष घेऊन वावरणारा रेणू. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे दहा हजार रेणू असतात. त्यातून तो वेचायचा. वर गॅलॅक्टोजसारखी दुसरी साखर त्याच्यापेक्षा फक्त एका OH च्या दिशेने वेगळी.

ब्रिस्टल विद्यापीठातले अँथनी डेव्हिस कित्येक वर्षं या एकाच प्रश्नामागे लागले होते. ग्लुकोजच्या सगळ्यात स्थिर रूपात त्याचे OH गट कड्याच्या परिघावर बाहेर पसरलेले असतात आणि वरखाली फक्त C–H राहतात, म्हणजे वरखाली थोडं तेलकट, परिघावर पाणीप्रेमी. डेव्हिस यांच्या गटाने तसाच पिंजरा बनवला: छप्पर आणि जमीन बेंझिनच्या कड्यांची, आणि मधले खांब युरियाच्या गटांचे, जे OH ना हायड्रोजन बंध देतील. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यजमानाचा ग्लुकोजशी बंधनस्थिरांक पाण्यात सुमारे १८,००० आला, आणि इतर बहुतेक साखरांपेक्षा ग्लुकोजची निवड तो शंभरेक पटींनी जास्त करतो. सुगामाडेक्सच्या कोटीपुढे १८,००० लहान वाटेल, पण पाण्यात ग्लुकोज ओळखायचा तर ही झेप फार मोठी आहे.

२०२४ मध्ये नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीच्या संशोधकांनी ग्लुकोज ओळखणारा असाच एक यजमान थेट इन्सुलिनच्या रेणूवर बसवला. त्याच इन्सुलिनवर दुसऱ्या ठिकाणी ग्लुकोजसारखाच दिसणारा एक तुकडा जोडला. रक्तातली साखर कमी असते तेव्हा यजमान तो जोडलेला तुकडाच धरून ठेवतो, इन्सुलिन दुमडलेलं राहतं आणि त्याचं काम मंदावतं. साखर वाढली की खरे ग्लुकोज रेणू त्या तुकड्याला हुसकावतात, इन्सुलिन उलगडतं आणि कामाला लागतं. साखर डेसिलिटरमागे ५४ मिलिग्रॅमवरून ३६० वर गेली की या इन्सुलिनची आपल्या रिसेप्टरवरची, म्हणजे पेशीवर ते जिथे उतरतं त्या जागेवरची, पकड सुमारे तिपटीने वाढते. उंदीर आणि डुकरांवर ते तपासून झालं आहे. मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर अचानक खाली जाण्याची जी धास्ती असते, तिच्यावर हा उपाय होऊ शकतो.

या यजमानाकडून सुगामाडेक्सच्या नेमकी उलट अपेक्षा आहे. सुगामाडेक्सने पाहुणा धरला की सोडायचा नाही, लघवीवाटे घेऊनच जायचं. इन्सुलिनवरच्या यजमानाला मात्र साखरेच्या चढ-उतारानुसार दिवसातून अनेकदा धरता आणि सोडता यायला हवं. इथे पकड गरजेपेक्षा घट्ट असली तर साखर कितीही चढली तरी दुमडलेलं इन्सुलिन उघडणारच नाही.